भीमेच्या होडीत पाणी शिरते कुठून?

सोलापूर म्हटले की ज्वारी, हुरडा, चादरी आणि उन्हाळ्यातले टँकर आठवतात. मोटरबोट काही आठवत नाही. पण जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, करमाळा आणि माढा तालुक्यांना लागून, राज्यातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक पसरलेला आहे. भीमेवरच्या उजनी धरणाचा हा यशवंतसागर पूर्ण भरतो तेव्हा त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्याच्या दोन्ही काठांवर मासेमारीच्या होड्या आहेत, रोहित पक्षी दाखवायला नेणाऱ्या पर्यटकांच्या बोटी आहेत, या गावाहून त्या गावाला माणसे आणि मोटरसायकली पोचवणाऱ्या लाँच आहेत. खाली पंढरपुरात चंद्रभागेच्या, म्हणजे भीमेच्याच, पात्रात वारकऱ्यांना पुंडलिकाच्या देवळापर्यंत आणि पैलतीरापर्यंत नेणाऱ्या होड्या तर धरणाच्या कितीतरी आधीपासून आहेत.

या सगळ्यांचा एक धंदा लोकांना दिसतो : माणसे पलीकडे पोचवायची. दुसरा काठावर, बोट बांधून ठेवल्यावर चालतो : आत आलेले पाणी कुठून आले ते शोधायचे. भीमेवरचे तरण्याचे साधन जसजसे बदलत गेले, तसतशी गळतीची जागाही सरकत गेली. पूर्वी ती दोन फळ्यांच्या मधे असे. आज ती बहुतेक वेळा माणसाने स्वतःच पाडलेल्या एखाद्या भोकापाशी सापडते.

सुरुवात मात्र गळतीचा प्रश्नच नसलेल्या साधनांपासून करावी लागते. दख्खनच्या नद्या आठ महिने गुडघाभर आणि चार महिने दुथडी. अशा नदीसाठी मोठी नाव बांधून ठेवणे कुणालाच परवडणारे नव्हते. म्हणून वाळवलेले पोकळ भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड, नाहीतर लाकडांचा तराफा, हे नदीकाठचे जुने उपाय. सांगडीला तळ नसतो, त्यामुळे आत पाणी साचण्याचा संबंध नाही. एखादा भोपळा तडकला आणि त्यात पाणी भरले तर बाकीचे भार घेतात. भीमा-सीना पट्ट्यात आजही ‘चप्पू’ म्हणून जे काही पाण्यात ढकलले जाते, त्याची युक्ती हीच. भोपळ्यांच्या जागी ट्रकच्या ट्यूब आल्या किंवा थर्माकोलचे ठोकळे आले, एवढाच फरक.

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्याने आणखी एक साधन दिले, ते म्हणजे गुऱ्हाळाची काहील. लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडून केलेली ही सात-आठ फूट व्यासाची उथळ कढई उसाचा उकळता रस पोटात ठेवते. ज्या सांध्यातून उकळता रस बाहेर येत नाही त्यातून नदीचे पाणी आत येणार नाही, हा हिशेब साधा होता. पूर आला की गुऱ्हाळावरची काहील नदीत जायची आणि अडकलेली माणसे, शेरडे, दुधाच्या किटल्या त्यातून पलीकडे जायच्या. तिला नाळ नाही, सुकाणू नाही. ती स्वतःभोवती गरगर फिरते. पण ती गळत नाही, कारण गळणाऱ्या काहिलीत गूळच होणार नाही.

भीमा लहरी आहे, हे काठच्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परक्यांना ते महागात पडले. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी होती आणि शेजारच्या माचणूरला त्याने किल्ला बांधला. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला आलेल्या पुराने त्या छावणीची दाणादाण उडवली. मोगलांचे तंबू, जनावरे आणि माणसे वाहून गेली.

पंढरपूरची गोष्ट वेगळी. तिथे नदी ओलांडणे हे अडचणीचे काम नसून यात्रेचा भाग आहे. आषाढीला चंद्रभागा भरलेली असते, पुंडलिकाचे देऊळ पात्रातच आहे, गोपाळपूर आणि विष्णुपद पात्राच्या कडेने थोडे पुढे. त्यामुळे इथे होडी आणि ती चालवणारा कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. पंढरपुरी होडी सपाट बुडाची आणि रुंद. वाळूत टेकली तरी कलंडायची नाही, म्हातारी माणसे चढली तरी डचमळायची नाही, अशी तिची ठेवण.

लाकडी होडीची गळती हा ऋतूंचा खेळ असतो. उन्हाळ्यात नदी आटली की होडी वाळूत पडून राहते. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, फळ्या सुकतात, आकसतात आणि दोन फळ्यांच्या मधली फट उघडते. एखाद्या शिवणीतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. अशी होडी थेट प्रवासी भरून पाण्यात लोटणारा नावाडी वेडाच. ती आधी उथळ पाण्यात बुडवून किंवा आत पाणी भरून दोन-चार दिवस ठेवावी लागते. लाकूड पाणी पिते, फुगते, फळ्या एकमेकींना दाबतात आणि बऱ्याचशा फटी आपोआप मिटतात. त्यानंतरही जी फट पाझरत राहते तिच्याकडेच हत्यार न्यायचे.

ती बुजवायची रीत जगभर साधारण एकच आहे. फटीतला जुना कचरा खरवडून काढायचा. कापसाचे पिळलेले सूत किंवा ताग तेलात भिजवून बोथट छिन्नीने ठोकून आत बसवायचा. वरून राळ किंवा डांबर ओतायचे. इथे हात हलका लागतो. सूत फार कोंबले, तर लाकूड पुढे फुगायला जागा उरत नाही. मग ते खिळेच उपटते आणि शेजारची चांगली शिवण उघडते. कमी भरले, तर पहिल्याच फेरीला पाणी पायाशी.

ज्या कारागिरांनी हे काम कलेच्या पातळीला नेले ते समुद्राकाठचे. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. मुंबईच्या जहाजांची जोडणी अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी कौतुकाने टिपून ठेवली आहे. नुसत्या एकाला एक टेकवलेल्या फळ्यांऐवजी एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला त्यात बसणारी जीभ असे, आणि मधे राळेत घोळलेला कापूस. अशा सांध्यात पाण्याला सरळ वाटच मिळत नसे. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. कोकणात विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे. तीही याच कामासाठी होती : जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरले की ते कोरडे करून त्याचा तळ तपासायचा.

सोलापुरात गोदी नव्हती आणि सागवानही नव्हते. इथे नदी स्वतःच उन्हाळ्यात गोदीचे काम करी. पाणी उतरले की होडी आपसूक कोरड्यावर, सुतार आणि डांबराचा डबा तिच्यापाशी. पुढच्या सगळ्या बदलांत सर्वांत मोठा बदल कुठला असेल, तर ही फुकटची वार्षिक तपासणी बंद झाली.

इंग्रजी अमलात नदी ओलांडण्याला हिशेबाची वही आली. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने सार्वजनिक तरी, म्हणजे नदी ओलांडून नेणाऱ्या होड्या, सरकारी देखरेखीखाली घेतल्या, भाड्याचे दर ठरू लागले आणि उतारांचे मक्ते दिले जाऊ लागले. पण त्याच दशकांत तरींचे महत्त्व कमीही होत होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. भीमेवर डिकसळजवळ रेल्वेचा दगडी पूल उभा राहिला. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला आली. याच काळात पाण्याचीही व्यवस्था बदलू लागली : सोलापूरजवळ हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये तयार झाला. ज्या जिल्ह्यात पाणी नदीत किंवा विहिरीत असायचे तिथे ते मोठ्या प्रमाणावर साठवण्याची सुरुवात झाली. ती शंभर वर्षांनी उजनीपर्यंत पोचली.

धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचा नकाशा उलटला. इंदापूर, करमाळा, दौंड, माढा या भागांतली गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. रेल्वेची वाट वळवावी लागली आणि डिकसळचा जुना रेल्वे पूल पुढे मोटारींच्या रहदारीला आला. जिथे उन्हाळ्यात बैलगाडी नदी ओलांडायची तिथे आता दोन-तीन किलोमीटर रुंद पाणी पसरले. काठावरच्या गावांचे बाजार, सोयरीक आणि दवाखाने पलीकडेच राहिले होते. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा, पाण्याने गेले तर काही मिनिटे. वल्ह्याने एवढे पाणी कापणे जमणारे नव्हते. म्हणून इंजिन आले.

बोटीला बाहेरून लटकवण्याचे इंजिन अमेरिकेत ओले एव्हिन्रूडने १९०९ मध्ये विकण्याजोगे केले. फायबरग्लासची पहिली होडी रे ग्रीन या अमेरिकनाने १९४२ मध्ये बांधली असे मानले जाते. या दोन्ही गोष्टी उजनीपर्यंत यायला बराच काळ गेला आणि त्या आल्या त्या इथल्या हातांतून गेल्या. काठावर लाकडी, पत्र्याच्या आणि फायबरच्या अशा तिन्ही जातींच्या होड्या शेजारी शेजारी दिसतात, आणि प्रत्येकीचे दुखणे वेगळे असते.

पत्र्याची होडी स्वस्त पडते आणि गावातला वेल्डर ती दुरुस्त करू शकतो. पण तिचा शत्रू त्या वेल्डिंगमध्येच दडलेला असतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडताना सांध्यावरचे जस्त जळून जाते. नेमक्या त्या रेषेवर लोखंड उघडे पडते आणि गंज तिथून सुरू होतो. तोही बहुतेक वेळा आतल्या बाजूने, कारण तळात मासळीचे, पावसाचे, ओल्या जाळ्याचे पाणी कायम साचलेले असते. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आतून पत्रा कागदासारखा झालेला असतो. बोटाने दाबला तरी फुटतो. अशा ठिकाणी नुसते डांबर फासले, तर एक-दोन महिने निघतात. गंजलेला भाग कापून नवा तुकडा लावला तरच ते दुखणे जाते.

फायबरचे तसे नाही. ती गंजत नाही, आकसत नाही, एकसंध असते. तिला शिवणच नाही. म्हणून तिच्या मालकाला वाटते की आता पाण्याचा प्रश्न मिटला. मग तो तिला इंजिन लावायला मागच्या फळीत बोल्ट ठोकतो, तळात पाणी सोडायचे भोक आणि बूच बसवतो, पंपाचा पाइप बाजूने बाहेर काढतो, बाकांचे स्क्रू, छताचे खांब, दोर बांधायच्या कड्या लावतो. एकसंध बोटीला वीस-पंचवीस भोके पडलेली असतात, आणि पाणी त्यांतल्याच एकातून येते.

त्यातही आत बसवलेल्या डिझेल इंजिनाची बोट असेल, तर एक भोक सक्तीचे. पंख्याचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो आणि तो फिरता असल्यामुळे तिथे घट्ट सील करून चालत नाही. या जागेचा मिस्त्री उजनीच्या काठावर शोधावा लागत नाही. जलाशयाच्या कडेने शेतकऱ्यांच्या उपसा सिंचनाच्या मोटारी रांगेने बसलेल्या आहेत आणि त्यांच्या पंपात घालतात तीच ग्लँड दोरी इथेही घालतात. चरबी लावलेल्या त्या चौकोनी दोरीची कडी दांड्याभोवती एकामागून एक बसवायची, प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही आणि वरून नट आवळत जायचे. नवशिक्या इथेच चुकतो. थेंबही गळू नये म्हणून तो नट पिळून पिळून आवळतो. मग दोरी कोरडी पडते, तापते, दांड्याला खाच पाडते आणि पुढच्या महिन्यात धार लागते. दांडा फिरताना थेंब थेंब पाणी यायलाच हवे, त्याने दोरी थंड राहते. बोट थांबली की थेंबही जवळपास थांबायला हवेत. पंपावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

बाहेर लटकवलेल्या इंजिनाची गळती डोळ्यांना दिसतही नाही. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी घेऊन येणाऱ्या भीमेत जलपर्णी माजते, आणि मासेमारीच्या जाळ्यांचे तुटके नायलॉन धागे पाण्यात असतातच. धागा पंख्याच्या मागे गुंडाळला जातो, दांड्यावरचे रबरी सील कापतो आणि पाणी गिअरपेटीत शिरते. कळायची खूण एकच. तेल काढले की ते दुधाळ निघते.

आता शोधण्याचे काम. काठावर बोट ओढून आणलेली असते आणि जुन्या टायरांवर किंवा ओंडक्यांवर टेकवलेली असते. भोवती चार माणसे जमतात आणि प्रत्येकाचे मत वेगळे. जाणता मिस्त्री आधी हत्यार घेत नाही, प्रश्न विचारतो. पाणी बोट नुसती उभी असताना येते की चालवताना? फक्त पावसानंतर दिसते का? प्रवासी चढल्यावर वाढते का? उभ्या बोटीत पाणी येत असेल, तर दोष पाण्याच्या रेषेखाली आहे. भार चढल्यावरच येत असेल, तर रेषेच्या थोडे वर कुठेतरी भोक आहे, जे बोट खचली की पाण्यात जाते. नुसत्या पावसाने येत असेल, तर तळ बिनदोष असून वरची फट शोधायची. कित्येकदा गुन्हेगार निघतो तो बुचाचा झिजलेला वायसर. नाहीतर पंपाचा पाइप. तो बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली सोडलेला असतो आणि पंप बंद झाला की त्याच पाइपातून नदी उलटी आत येते. तो पाइप आधी वर नेऊन वळसा देऊन बाहेर काढला की ‘गळती’ बंद.

एवढ्याने सापडले नाही, तर बघणाऱ्यांना चक्रम वाटावे असे काम सुरू होते. ज्या बोटीतले पाणी उपसून उपसून हात दुखले तिच्यातच बादल्यांनी पाणी ओतले जाते. तळ बाहेरून कोरडा पुसून घेतात, त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवतात आणि वाट पाहतात. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीत एक काळसर ठिपका उमटतो आणि त्याच्यापासून खाली ओघळ निघतो. मिस्त्री खडूने ओघळाच्या शेंड्याला गोल करतो. पाणी जिथून थेंबते ती जागा बहुतेक खोटी असते, ओघळाचा उगम खरा. पाणी मात्र घोट्याइतकेच ओतायचे. घनमीटरभर पाण्याचे वजन एक टन होते आणि बोटीचा तळ आतून एवढा भार सोसायला बांधलेला नसतो. पूर्ण भरली, तर एक गळती शोधता शोधता दोन नव्या तयार होतात.

दुसरी रीत पंक्चरवाल्याची. बाहेरून साबणाचे पाणी लावायचे, आतून ब्लोअरने हवा मारायची आणि बुडबुडे कुठे फुगतात ते पाहायचे. फायबरच्या बोटीत एक तिसरी तपासणीही लागते, कानाची. छोट्या हातोडीच्या दांड्याने किंवा नाण्याने पृष्ठभाग टकटक वाजवत जायचे. चांगला भाग खणखणीत वाजतो. जिथे आतले थर सुटले आहेत किंवा मागच्या फळीतले प्लायवूड पाण्याने कुजले आहे तिथे आवाज मेलेला येतो. बोल्टच्या भोकातून झिरपलेले पाणी वर्षभर त्या लाकडात मुरत असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

गळती बारीक दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. त्यामुळे थोडे गणित बरे. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर एक इंच व्यासाचे भोक असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे चाळीस लिटर पाणी आत येते. तासाभरात दोन टनांहून जास्त. शिवाय तळात साचलेले पाणी जागेवर बसून राहत नाही. बोट जिकडे कलते तिकडे ते धावते आणि कलणे वाढवते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, तेही न बांधलेले.

दुरुस्तीत घाई कुठे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. एम-सीलची पट्टी मळून थापली की पाणी थांबते, आणि हंगामात कुणाला दोन दिवस बोट बंद ठेवायची नसते. ती पट्टी एका फेरीपुरती ठीक. फायबरचा तडा नीट बुजवायचा, तर त्याच्या भोवतीचा भाग उतरता घासून घ्यावा लागतो. जाडी पाच मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंना सहा सहा सेंटिमीटर. मग तो पूर्ण सुकवायचा आणि काचधाग्याची मॅट रेझिनमध्ये भिजवून एकावर एक थर चढवायचे. ओलसर जागेवर केलेला थर कातडीसारखा सुटून येतो. सोलापूरचा मे महिना या कामाला एका बाजूने वरदान आणि दुसऱ्या बाजूने शाप. बोट लवकर सुकते, पण त्या उन्हात हार्डनर जरा जास्त पडला, तर रेझिन डब्यातच दगड होते. जाणते हे काम सकाळी लवकर उरकतात.

मे महिन्याचा आणखी एक संबंध आहे. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर आणि उपयुक्त साठ्याची खालची मर्यादा ४९१.०३ मीटर. त्याखाली गेले की वर्तमानपत्रांत साठा ‘उणे’ लिहिला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. पाणी असे उतरते तेव्हा चाळीस वर्षांपूर्वी बुडालेल्या वाड्यांच्या भिंती, देवळांचे चौथरे आणि बाभळीचे खुंट पृष्ठभागाखाली फूट-दोन फुटांवर येतात. भरल्या जलाशयात ज्या वाटेने बोट डोळे मिटून जायची, तीच वाट तळाला ओरखडे पाडते. उतरलेल्या पाण्याने पूर्वी होडी वाळूवर आणून ठेवली जायची. आता बोट पाणी हटते तशी आत आत सरकवली जाते आणि वर्षभर चालू राहते. वर्षातून एकदा तळ बघायचा तो ठरवून बघावा लागतो.

याच पाण्यावर उलट काम करणारेही आहेत. भीमेतून आणि उजनीतून चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी पकडल्या की महसूल आणि पोलीस खात्याची पथके त्या जप्त करून ओढत नेण्याऐवजी बऱ्याचदा जिलेटिनच्या स्फोटाने किंवा गॅस कटरने जागीच निकामी करतात. कारण काठावर नुसती बांधून ठेवलेली बोट दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात दिसते. जिथे एका बाजूला एक इंचाचे भोक शोधायला दिवस जातो, तिथे दुसऱ्या बाजूला सरकार भोक पाडायला येते.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. त्यात लहान मुलेही होती. शोधासाठी एनडीआरएफची तुकडी आली. त्या बोटीला गळती होती असे कुणी म्हटले नाही. वळवाचा वारा उठला, लाटांचे पाणी कठड्यावरून आत आले. पण त्या दिवसानंतर उजनीवरच्या प्रत्येक बोटीकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले. लाइफ जॅकेट आहे का, किती माणसे बसवली, बोट कुणी तपासली आहे.

शेवटच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक बोटीला नोंदणी आणि पाहणीचे प्रमाणपत्र लागते, आणि चालवणाऱ्याला पात्रतेचा दाखला. पाहणी करणाऱ्याने तळ बघायचा, पंप चालवून बघायचा, बोटीत आडवे पडदे घालून केलेले बंद कप्पे खरेच बंद आहेत का ते बघायचे. एक कप्पा फुटला, तरी बाकीच्या कप्प्यांवर बोट तरंगली पाहिजे, अशी त्यामागची कल्पना. सांगडीतल्या भोपळ्यांचा हिशेब इथे कायद्याच्या भाषेत आलेला आहे.

कुगाव आणि शिरसोडीच्या दरम्यान आता पुलाचे काम हाती घेतले गेले आहे. तो झाला की या वाटेवरची प्रवासी लाँच बहुधा थांबेल, जशा रेल्वेच्या पुलाने एकेकाळी तरी थांबवल्या. त्याच सुमारास उजनीवरच्या जलपर्यटनाच्या योजनेलाही सरकारी मंजुरी मिळाली, म्हणजे बोटींची संख्या वाढणारच. त्या बहुतेक फायबरच्या असतील आणि त्यांच्या तळातल्या बंद कप्प्यांत फोम भरलेला असेल. या फोमचे दुखणे काठावरच्या मिस्त्रींना नव्याने शिकावे लागणार आहे. बारीक तड्यातून झिरपलेले पाणी तो पिऊन बसतो. ते बाहेर थेंबत नाही, पंपाने निघत नाही. बोट नेहमीपेक्षा चार बोटे खाली तरंगते, इंजिन जास्त डिझेल खाते. अशी शंका आली की तिला वजनकाट्यावर नेऊन कारखान्याने दिलेल्या मूळ वजनाशी ताडून पाहायचे. जास्तीचे वजन असेल, तर तळ उघडून ओला फोम काढून टाकायचा.